वहीतली मींड

दादा, मी मिरज सोडली तेव्हा टांगा दारात उभा होता आणि अप्पा मला गाण्यातल्या 'मुरकी' शब्दाचं मूळ सांगत होते. आई डोळे पुसतेय, टांगेवाला कुरकुरतोय, अप्पांचं आपलं चालूच. मग म्हणाले, "माझे डोळे गेले. गाण्यातल्या शब्दांची वही पुरी करायचीय. मी शब्द विचारीन, तू शोधून कळवत जा. मुंबईत पुस्तकांना काय तोटा?" तू शेजारीच ट्रंकेला दोरी बांधत होतास.

मुंबई म्हणजे बोरिवली, हे त्यांना कधी उमगलंच नाही. दोन खोल्या, सकाळी तासभर नळ, कडेवर पोर. ग्रंथालय फोर्टात, म्हणजे जाऊन येऊन अख्खा दिवस. तरी पहिली दोन वर्षं मी गेले. 'जमजमा' फारसीतून आला, मूळ अर्थ गुणगुणणं, हे कळवलं तेव्हाचं उत्तराचं कार्ड अजून माझ्याकडे आहे. अक्षर तुझं, आनंद त्यांचा.

मग 'मींड' आली. एका स्वरावरून दुसऱ्यावर आवाज न तोडता घसरत जायचं, ती मींड. पण हे नाव कुठून पडलं? तीन कार्डं आली. धाकटीला गोवर, यांची दुपारपाळी, माझा जीव मेटाकुटीला आलेला. चौथं कार्ड आलं तेव्हा गोराईची कोळीण मासळीची पाटी घेऊन चाळीच्या दारात बसली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि लिहून टाकलं, की इथले कोळी जाळं मध्येच न थांबता पाण्यातून ओढत आणतात त्याला मींड म्हणतात, शब्द तिथूनच आला. साफ थाप.

वाटलं, अप्पा लगेच पकडतील. कसलं काय! तू लिहिलंस, चार दिवस त्यांनी जेवताना दुसरा विषय काढला नाही. येईल त्या शिष्याला सांगत, "पंडितांनी नव्हे, कष्टाच्या माणसांनी दिलेलं नाव आहे हे." तुझ्याकडून वहीत लिहवून घेतलं. म्हटलं, दिवाळीला गेले की सांगू. दिवाळीआधी अप्पाच गेले.

तेरावं करून परत आले आणि त्या कोळणीला विचारलं, जाळं ओढण्याला तुम्ही काय म्हणता गं? ती हसली. "वढतो म्हंजे वढतो, बाय. त्याला कनचं नाव?"

तेव्हापासून मला सूर लावायची सोय राहिली नाही. मींड घेतली की मागून अप्पा बोलतात, अगदी खुशीत, कोळ्यांचं सांगत. रागावून बोलले असते तर परवडलं असतं. गेल्या महिन्यात मालाडहून एक मुलगी माझ्याकडे गाणं शिकायला आली, तिचे काका अप्पांकडे शिकलेले. तिने मलाच जाळ्याची गोष्ट समजावून सांगितली. मी "बरोबर" म्हटलं आणि मोरीत जाऊन रडले.

आता तू लिहितोस, वही छापायला देतोय, ये, शेवटचं एकदा मिळून वाचू. मला यायचंय रे. इथे काहीही सांगितलं तरी समोरचा आधी "कशावरून?" विचारतो, आणि त्यात त्याचं चुकतही नाही. अप्पांनी विचारलं नाही. घर म्हणजे काय, ते मला एवढंच कळलंय. कोळ्यांची ती ओळ तू खोड, दादा. माझ्या हाताने नाही होणार.