खालून ओरडणारा बाप

बर्फ या प्रकाराचा राजेंद्रला मनापासून तिटकारा. ते मणामणाचे बूट, ती भाड्याची हेल्मेटं, हॉटेलातलं ते बेचव चीज आणि तोंड उघडलं की स्वतःच्या पोरांची कौतुकं सांगणारे ते गोरे आईबाप! तरीही हा गृहस्थ सलग नऊ वर्षं फेब्रुवारीच्या सुट्टीत बायकोला आणि लेकीला घेऊन इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकहून फ्रान्सला जात होता. का, तर सोमवारी सकाळी ऑफिसात बर्फावरच्या स्कीइंगच्या गप्पा निघाल्या की परभणीहून आलेल्या राजेंद्रला कॉफीच्या मशीनपाशी नुसती मान डोलवावी लागायची. आपल्या पोरीवर ही वेळ येता कामा नये, असं त्याने ठरवून टाकलं. पोरीला विचारलं का? छे!

लेक धम्मशीला, आता सोळा वर्षांची. ती सात वर्षांची असल्यापासून वर डोंगरावर ती आणि खाली फोन धरून हा. स्वतः याने एकदाही पायात स्की चढवल्या नाहीत. "माझे गुडघे," म्हणायचा. गुडघे कसले, चांगले ठणठणीत होते, भीती वाटायची. आणि खालून ओरडायचा मात्र असा, की लिफ्टच्या रांगेतले लोक वळून बघायचे.

दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला लंडनमधल्या हॅरोच्या हॉलमध्ये बुद्धवंदना, भाषणं झाली की मुलांचं कौतुक व्हायचं. तिथे राजेंद्र लेकीचा व्हिडिओ दाखवायचा. मूळ आवाज काढून टाकायचा, वर छानपैकी संगीत चढवायचा. लोक टाळ्या वाजवायचे, याची छाती फुगायची. यंदा ऑफिसच्या धबडग्यात आवाज काढायचा राहूनच गेला.

पडद्यावर धम्मशीला वळणावर आपटली आणि स्पीकरमधून दोनशे माणसांनी बापाचा आवाज ऐकला. "ऊठ! रडतेस काय? लोक बघतायत! यासाठी आणलंय का तुला इथं?" राजेंद्र लॅपटॉपकडे धावला, वायरीत अडखळला. तोवर स्पीकरमधला तो पुन्हा एकदा खेकसून झाला होता. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या आशाताई, ज्यांचा शब्द तिथे कुणी मोडत नसे, एवढंच म्हणाल्या, "पोरीला असं बोलतोस होय रे?" कुणी टाळी वाजवली नाही.

परतताना गाडीत बायको, रचना, खिडकीबाहेर बघत बसली. बोलली ती लेक.

"पप्पा, मी दर वर्षी रडत होते. मला आवडतच नाही ते. आय हेट इट."

"अगं, तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी नाही. आता तुम्ही करा स्की. मी खाली उभी राहून फिल्म करणार. नाही केलं ना, तर मी तुमच्याबरोबर कुठेच येणार नाही. हॉलिडे नाही, जयंती नाही, कुठेच."

तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता, म्हणून राजेंद्र जास्तच हबकला. एकुलती एक पोर. दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीला जाईल, मग कशाला मागे वळून बघते!

मे महिन्यात, घरापासून तासाभरावर, छपराखाली बर्फ पाडून केलेल्या उतारावर बावन्न वर्षांचा राजेंद्र सहा-सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभा राहिला. शिकवणाऱ्या मुलीने "गो" म्हटलं आणि चार हात गेला न गेला तोच हा आडवा. स्की सुटेना, उठता येईना. शेजारून एक चिमुरडी सुर्रकन निघून गेली. राजेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं, अगदी खरंखुरं.

दहा पावलांवर, खाली, धम्मशीला फोन धरून उभी होती.

"ऊठ! रडतेस काय? लोक बघतायत!" ती ओरडली. शब्द न् शब्द त्याचाच.

"शीला, हात दे गं."

"तुम्ही दिला होता कधी?"

राजेंद्र आठवू लागला. नऊ वर्षांचे व्हिडिओ घरी होते, त्याने स्वतः बसून कापलेले, जोडलेले, पाठ झालेले. त्यातल्या एकाही व्हिडिओत त्याचा हात नव्हता.