तणांच्या राज्यातली कुंदी

पुलगावच्या एका शाळेच्या कार्यालयात मंजुषा लिपिक आहे. दाखले लिहायचे, हजेरीपट तपासायचे, शिष्यवृत्तीच्या अर्जात मुलांची नावं आधार कार्डाबरहुकूम आहेत का ते पाहायचं, असा तिचा दिवस जातो. माहेर आर्वीचं, सासर नाचणगावचं. लग्नात तांदळावर नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा नवऱ्यानं, आदेशनं, हळूच विचारलं होतं, "कोणतं लिहू?" ती म्हणाली होती, "आहे तेच लिहा." तेवढीच काय ती तिनं केलेली बंडखोरी. बाकी सगळं चारचौघींसारखं होतं. एक मुलगी सुरभी, यंदा पाचवीला. सासऱ्यांचं तीन एकर वावर, दारात स्कूटी.

चारचौघींपेक्षा वेगळी गोष्ट एकच, ती लहान मुलांसाठी गोष्टी लिहायची. नागपूरहून निघणाऱ्या एका मुलांच्या मासिकात तिच्या दोनतीन गोष्टी छापून आल्या होत्या. मग संपादक प्रभाकररावांनी फोन करून जादूची लांबलचक, क्रमशः चालणारी गोष्ट मागितली. मंजुषानं आनंदानं दोन प्रकरणं पाठवली. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला.

"गोष्ट चांगली आहे हो, पण नावांचं काय केलंत? राजा वीरसेन, चेटकीण झुंबा, घोडा तुफान. तीन गावचे तीन पाहुणे एका पंगतीत बसवल्यासारखे वाटतात. एका राज्यातली माणसं आहेत ना? मग नावांत काहीतरी नातं दिसू द्या."

मंजुषाला ते लागलं, पण पटलंही. दोन आठवडे ती नावं शोधत राहिली. नद्यांची घेतली, ती नेहमीची वाटली. ताऱ्यांची घेतली, ती जड झाली. शेवटी एका रविवारी ती वावरात गेली होती. सोयाबीनचं निंदण चालू होतं. ओळीत भागीरथाकाकू बसल्या होत्या, गावातल्याच, साठी उलटलेल्या. हातातला विळा थांबत नव्हता आणि तोंडही थांबत नव्हतं. बाजूच्या नव्या पोरीला त्या म्हणत होत्या, "अवं, ते उंदीरकानी हाये, तिले मुळासकट काढ. अन थो केना तोडू नोको, तोडला का दुप्पट होते."

उंदीरकानी! मंजुषा बांधावर मटकन बसली. गोष्टीतल्या हेराचं नाव मिळालं होतं.

त्या दिवसापासून ती दर रविवारी वही घेऊन काकूंच्या मागे मागे फिरू लागली. काकूंनाही गंमत वाटली. जन्मभर जे उपटून फेकलं त्याचं नाव कोणी लिहून घेतं, हे त्यांना नवीनच होतं. "हे दीपमाळ. पाय, कशी एकावर एक दिव्यावानी बोंडं लागतेत." झाली राणी दीपमाळ. पांढऱ्या तुऱ्याचा कुर्डू सेनापती झाला. एका पायावर उभा पहारेकरी एकदांडी, आणि कुंपणावर चढून पळून जाणारी राजकन्या चांदवेल. नावं मिळाली तशी माणसंही दिसू लागली. झुंबा चेटकिणीची जागा मात्र रिकामीच होती. मंजुषाला अशी चेटकीण हवी होती, जी दर प्रकरणात हरेल आणि दर प्रकरणात परत येईल.

"परत येनारं म्हनशीन तं कुंदा," काकू म्हणाल्या. "हातभर खोल खनला तरी राह्यलेल्या कांडीतून फुटते. वावर पडीक पाडलं त्यानं कितीकाचं." आणि मग त्या थांबल्या. विळा खाली ठेवला. बाकीच्या बाया जेवायला बाभळीखाली गेल्या होत्या.

"तुले एक सांगू, सूनबाई? लिवू नोको बरं हे."

अनसूया ही त्यांची नणंद. भागीरथा नवी नवरी म्हणून नाचणगावात आली त्याच वर्षी अनसूया सासरहून परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा आली. तीनदा. जन्मापासूनच डावा पाय ओढत चालायची. डोक्यावर गाठोडं घेऊन वेशीतून येताना दिसली की बाया एकमेकींकडे पाहायच्या. एकदा निंदताना सगळ्या हसत होत्या, आणि नव्या नवरीला वाटलं आपणही काही बोलावं.

"मी म्हनलं, आमची नणंद म्हंजे कुंदी हाये, कितीबी उपटा, परत येते. अशा हासल्या सगळ्या! मले लई बरं वाटलं व. बसलं ना नाव बराबर. दुसऱ्या दिवशी पोट्टे म्हनत होते, कुंदी आली, कुंदी आली. दहा वर्ष म्हनत होते. कोनं ठेवलं ते तिले आजवर मालूम नाई."

त्यानंतर दोघी एकाच घरात म्हाताऱ्या झाल्या. काकूंचा नवरा गेला, लेक पुण्याला गेला. घरात कोणाच्या तोंडी तो शब्द येऊ नये म्हणून काकूंनी वावरातल्या कुंद्याचंही घरी कधी नाव घेतलं नव्हतं. "आता कोनं ठेवलं हे ज्याईले मालूम, थ्या साऱ्या बाया मसनात गेल्या," त्या म्हणाल्या आणि विळा उचलून पुन्हा ओळीला लागल्या.

मंजुषानं त्या रविवारी वहीत काही लिहिलं नाही. सोमवारी दुपारी कार्यालयात दाखल्यावर सही घेता घेता तिला अख्खी चेटकीण दिसली. डोक्यावर गाठोडं. डावा पाय ओढते. सात वेळा देशोधडीला लावली तरी वेशीवर हजर. तिनं स्वतःशी बरीच घासाघीस केली. कुंदा हे तणाचं नाव, ते काय कोणाच्या मालकीचं आहे? कुंदी म्हटल्यानं कोणाला काय कळणार? पाय तेवढा बदलावा असं वाटलं, पण ओढत्या पायाचा मातीवरचा आवाज तिनं आधीच लिहून टाकला होता, आणि तो आवाज फार छान जमला होता. तिनं पाय बदलला नाही.

प्रभाकरराव खूश झाले. "आता कसं! कुंदी तर अफलातून. नाव बरोबर बसलंय." हेच शब्द आपण आधी कुठं ऐकले, ते मंजुषाला आठवलं. तिनं विषय बदलला.

मासिकाचे अंक आले. मंजुषा रविवारी गल्लीतल्या पोरांना घरच्या ओसरीवर गोष्ट वाचून दाखवायची. महिन्याभरात साऱ्या गल्लीत तणांचं राज्य वसलं. एक पोरगा कुर्डू, एक एकदांडी. सुरभीला मात्र कुंदी व्हायचं असायचं, कारण मजा सगळी तिचीच.

ऑक्टोबरमधली गोष्ट. मंजुषा शाळेतून आली आणि स्कूटी लावत होती. गल्लीत पोरांचा गलका चालू होता. समोरून अनसूयाबाई डेअरीवर दूध घालून रिकामी बरणी घेऊन येत होत्या, नेहमीसारख्या, पाय ओढत, खाली पाहत. सुरभी खेळता खेळता थांबली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि जणू काही फार मोठा शोध लागला तशी आनंदानं ओरडली, "कुंदी आली!"

सगळी पोरं ओरडली.

अनसूयाबाई उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत, वर पाहिलं नाही. बरणी या हातातून त्या हातात घेतली आणि भिंतीच्या कडेकडेनं निघून गेल्या. मंजुषानं धावत जाऊन सुरभीच्या पाठीत धपाटा घातला. पोरगी रडत म्हणाली, "तूच तं लिवलं तसं! मी काय केलं?"

रात्री मंजुषानं ते आदेशला सांगितलं. आदेश म्हणाला, "पोरं आहेत, विसरतील." पण दुसऱ्या दिवशी तेच झालं आणि तिसऱ्या दिवशीही. ती ओरडली की पोरं गप्प बसायची आणि पुढच्या वळणावर पुन्हा सुरू करायची. अनसूयाबाई डेअरीवर जायच्या बंद झाल्या. भागीरथाकाकू वावरात येईनाशा झाल्या. एकदा विहिरीजवळ समोर आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तुले म्हनलं होतं नाई लिवू म्हून. तिले वाटते, मीच पोट्ट्याईले शिकोलं."

त्या शनिवारी मंजुषा त्यांच्या घरी गेली. अनसूयाबाई दारात सुपात तूर निवडत बसल्या होत्या. मंजुषा खाली जमिनीवरच बसली.

"मावशी, पोरं जे ओरडतात ते माझ्यामुळे. मी गोष्ट लिहिली. त्यात ते नाव घातलं. काकूंचा काही दोष नाही."

"तुले कोनं सांगतलं थे नाव?"

खरं बोलायला म्हणून मंजुषा आली होती, आणि खरं सांगितलं तर दुसरीचं चाळीस वर्षांचं झाकलेलं उघडं पडणार होतं. "कोणी नाही," ती म्हणाली. "मी तणांची नावं गोळा करत होते. त्यातलंच एक."

"अन पाय?" सुपातून नजर न काढता अनसूयाबाईंनी विचारलं. "लंगडा पाय बी तनातच भेटला का?"

आतून भांड्याचा आवाज थांबला. भागीरथाकाकू दारात आल्या. पदरानं हात पुसत होत्या, पुसतच राहिल्या.

"मी सांगतलं तिले," त्या म्हणाल्या. "अन थे नाव ठेवलंबी मीच होतं, बाई. त्या वक्ती. बायाईत हासाले म्हून."

अनसूयाबाईंनी सूप खाली ठेवलं. वहिनीकडे एकदा पाहिलं. मग मंजुषाकडे वळल्या.

"कुंदी परत येते, असं लिवलं ना तू?"

"हो."

"चूक लिवलं. मी परत नाई आली कई. मले आनून सोडत होते. नवरा वेशीवर सायकलीवरून उतरवून देये, अन गाठोडं खाली फेकून चालला जाये. मी कुठून परत येईन? कोनं इचारलंच नाई मले, ना तिनं, ना तू." त्या भिंतीला धरून उठल्या. "जा आता. सांज झाली."

मंजुषानं प्रभाकररावांना फोन करून गोष्ट बंद करायची म्हणून सांगितलं. ते चिडले. दोन प्रकरणं बाकी होती, वाचकांची पत्रं येत होती. "नाव बदला ना हवं तर," ते म्हणाले. तिनं नकार दिला. कारण काही सांगता आलं नाही. पुढच्या अंकात 'लेखिकेच्या वैयक्तिक अडचणीमुळे' अशी एक ओळ आली. प्रभाकररावांनी नंतर कधी फोन केला नाही.

सुरभीला घेऊन ती एकदा पुन्हा तिथे गेली. सुरभीनं कान धरले. अनसूयाबाईंनी तिचा हात कानावरून काढला, कितवीत आहेस विचारलं, मूठभर शेंगा दिल्या. मंजुषाकडे पाहिलं नाही. घरात दोन चुली दिसल्या. एक नेहमीची, दुसरी अंगणात तीन विटांची, नवी.

पोरं दिवाळीनंतर ते सगळं विसरली. कोणाच्या तरी मोबाईलवरचा नवा खेळ आला आणि कुर्डू, चांदवेल सगळेच गल्लीतून नाहीसे झाले. अनसूयाबाई पुन्हा दूध घालायला जाऊ लागल्या. संक्रांतीच्या आसपास अंगणातल्या विटाही कोणीतरी उचलून ठेवल्या. नणंद-भावजयींत काय बोलणं झालं, कोण आधी बोललं, झालंच का काही, ते मंजुषाला कळलं नाही, आणि विचारायचं धाडस तिला झालं नाही.

आता सकाळी शाळेत जाताना डेअरीच्या वळणावर अनसूयाबाई दिसल्या की ती स्कूटी हळू करते. "मावशी, येते," म्हणते. त्या मान हलवतात, कधी हलवतही नाहीत. मंजुषा वाईट वाटून घेत नाही. बाकी सगळे विसरले; मावशींच्या मनात एवढं तरी बाकी राहावं, असंच तिला वाटतं.