वर्गातून गेलेली नावे

रामटेके मॅडम गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली. आमचा निवृत्त शिक्षकांचा एक ग्रुप आहे. सकाळी सुप्रभात, दुपारी सांधेदुखीवरचे उपाय आणि मधूनमधून कोणाचा तरी हार घातलेला फोटो. त्या दिवशी तो फोटो त्यांचा होता. मी तुमसरला दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि मग बोटांनी सवयीनं लिहिलं, "अत्यंत सेवाभावी सहकारी. माझ्या शाळेत त्यांनी मुलांवर दयाभावाचे संस्कार केले. भावपूर्ण श्रद्धांजली." कोणीतरी खाली लिहिलं, "सर, तुमच्यासारखे मुख्याध्यापक लाभले म्हणून त्या घडल्या." मी त्यालाही हात जोडले. पुढे विहारात शोकसभा झाली. तिथं मी दहा मिनिटं बोललो, चांगलं बोललो असं लोक म्हणाले. जे सांगायला हवं होतं, ते त्या दहा मिनिटांत आलं नाही. ते इथं लिहितो आहे. ज्यांनी माझं भाषण ऐकलं, त्यांनी कृपा करून हेही वाचावं.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा शिक्षकांना इकडे की तिकडे असं विचारलं गेलं होतं. मॅडम तिकडच्या एका शाळेत होत्या. त्यांचे यजमान चिखल्याच्या खाणीत भूमिगत कामाला, म्हणून त्यांनी भंडारा मागितला आणि नाकाडोंगरीच्या पलीकडच्या आमच्या शाळेत आल्या. चार खोल्या, एक हातपंप, मागं सागाची झाडं. खाणीच्या वसाहतीतून त्या सायकलनं येत. मी त्यांना चौथीचा वर्ग दिला, कारण त्या वर्गाला कोणी तयार नसे.

एका दुपारी गावातली एक म्हातारी सुई-दोरा घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली. गोधडी शिवायला बसली होती, दोरा ओवता येईना. "पोरीओ, एवढं ओवून द्या वं," म्हणाली. दुसरा शिक्षक असता तर एका मुलीला उठवलं असतं आणि पुढचा धडा घेतला असता. मॅडमनी तिला विचारलं, घरी सुया किती आहेत? सगळ्या घेऊन या. मग चौथीच्या पोरांनी एकेक सुई ओवून दिली. म्हातारी महिनाभर गावात सांगत होती, "सुया ओवून तयार आहेत, आता शिवाले फडकं कोणी देते का पाहून राहिली." तिथून ते सुरू झालं. दर शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मुलं दोघादोघांनी एकेका घरी जाऊ लागली. कोणाचे तांदूळ निवडून दे, कोणाला डॉक्टरची चिठ्ठी वाचून दाखव, कोणाची खाटेखाली गेलेली वस्तू काढून दे.

मी तोवर मुलांकडून वर्षातून एकदा गाव झाडून घेत असे, पुढं बॅनर धरून. मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. "सर, मोठ्या माणसाले जे जमत नाही अन् पोराले सहज जमते, तेवढंच पोराकडून मागावं. मग ते मोठं झाल्यासारखं चालते." आणि त्यांचा एक नियम होता. मुलं कोणाच्या घरी जातात हे गावाला दिसत होतं, पण घरात काय केलं ते मुलांनी बाहेर सांगायचं नाही. शाळेतही नाही. मी विचारलं, "मग आपल्याला कळायचं कसं?" त्या हसल्या. "आपल्याले कायले कळाले पाहिजे?"

त्या घरांमध्ये एक घर चैतराम बाबाजींचं होतं. आयुष्य खाणीत गेलेला माणूस. मुलगा चिखल्याला त्याच खाणीत लागलेला, तिथंच वसाहतीत राहायचा. बाबाजी गावाच्या टोकाला एकटे. सव्वीस जानेवारीला इस्त्रीचं धोतर नेसून पहिल्या रांगेत बसणारे. दोन मुलं दर दुसऱ्या शनिवारी त्यांच्याकडे जात, आणि येताना चेहऱ्यावरून काही कळू देत नसत. मलाही ठाऊक नव्हतं की बाबाजींचे हात कापतात.

दुसऱ्या वर्षी तालुक्याची समिती शाळा पाहायला येणार होती. मला केंद्रप्रमुख व्हायचं होतं. आमच्या शाळेत दाखवण्यासारखी गोष्ट एकच होती आणि तिचा एकही कागद नव्हता. मी मॅडमना म्हटलं, एक रजिस्टर करा. कोणत्या मुलानं कोणाला काय मदत केली, एवढंच. त्या नाही म्हणाल्या. पुन्हा म्हटलं. "सर, लिवलं का पोरं लिवासाठीच जातीन. अन् त्या माणसायनं आपल्याले दार उघडून देल्लं आहे, कागदावर यायले नाही." तिसऱ्यांदा मी जरा आवाज चढवला, तेव्हा त्या वह्या तपासत राहिल्या.

मग त्यांची मुलगी तापानं फणफणली आणि त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली. त्यातल्या पहिल्याच दिवशी मी चौथीच्या वर्गात गेलो, फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला, 'मी केलेली मदत', आणि सांगितलं की मदत कोणाला केली त्यांचं नाव लिहा, काय केलं ते नीट लिहा, चांगलं लिहिणाऱ्याचं नाव भिंतीवर येईल. मुलांनी लिहिलं. मुख्याध्यापकानं सांगितल्यावर चौथीचं मूल लिहिणारच. एका मुलीनं मात्र तारीख आणि विषय लिहून पेन ठेवून दिला होता.

"काहून वं, हात दुखते का?"

"मॅडमनं सांगू नका म्हटलं."

"मी मॅडमचा पण साहेब आहे."

तिनं थोडा विचार केला. "मग तुमी मॅडमलेच विचारा ना, सर."

वर्ग हसला. मी तिला घंटा होईपर्यंत उभं केलं.

तुमसरहून पेंटर आणला. व्हरांड्याच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं मथळा, 'आमचे सेवाव्रती', आणि खाली तीन रकाने. विद्यार्थी, लाभार्थी, सेवा. निबंधांतून मी स्वतः यादी उतरवून दिली. त्यातली एक ओळ अशी होती : 'श्री. चैतराम (वृद्ध, एकटे) – हातापायांची नखे कापून देणे.' लिहिताना माझा हात थांबला नाही. उलट वाटलं, समितीला ही ओळ आवडेल. आवडलीच. एका साहेबांनी ती मोठ्यानं वाचली आणि मुलांच्या पाठीवर हात फिरवला.

मॅडम रजेवरून आल्या तेव्हा रंग अजून ओला होता. त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या, पूर्ण वाचलं, मग माझ्या खोलीत आल्या. "सर, हे पुसा." मी म्हटलं, परवा समिती आहे. "मग घासलेट द्या, मीच पुसून टाकते." मी दिलं नाही. शाळेचं घासलेट माझ्या कपाटात कुलपात होतं.

पुढच्या आठवड्यात बाबाजींचा मुलगा आला. शाळेच्या व्हरांड्यात, त्याच भिंतीखाली, गावची शिक्षण समिती बसली. मुलगा खुर्चीवर बसेना. "माया बाप लाभार्थी आहे का? कोणत्या योजनेचा, तेवढं सांगा. पाळीवर लोक मले विचारून राहिले, तुया बापाचे नखं कापाले शाळा लागते का म्हणून." कोणीतरी हसलं. त्यानं वळून पाहिलं तसं ते हसणं थांबलं. "हे नावं देल्ले कोणं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नावं मॅडमच्या वर्गातून आली."

हे वाक्य खोटं नव्हतं. मी ते रात्रभर शोधून ठेवलं होतं असंही नाही, ते आपोआप तोंडाशी आलं, आणि आल्यावर मला कळलं की हे टिकेल. मागून एक जण म्हणाला, "त्या वस्तीतल्या बाईले आपल्या लोकायच्या इज्जतीचं काय पडलं आहे?" मीही त्या 'आपल्या लोकां'तलाच, शेतकरी घरातला. ते मी ऐकलं आणि टेबलावरचा पेपरवेट सरळ केला. नाव देणाऱ्याचं नाव मी घेतलं नव्हतं. पण ते कोणाला लागेल हे मला पुरतं ठाऊक होतं, आणि इतक्या सहज का लागेल हेही.

चौथीची मुलं खिडकीत गोळा झाली होती. मॅडम उभ्या राहिल्या. आता त्या निबंधाचं सांगणार, असं मला वाटलं. त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. मग बाबाजींच्या मुलाला म्हणाल्या, "दादा, चूक झाली. माफ करा." आणि बसल्या.

त्यांनी तसं का केलं, याचा उलगडा मला आज झाला असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. मला तेव्हाच कळलं होतं. त्या म्हणाल्या असत्या की सरांनी निबंध लिहून घेतले, तर पुढचा प्रश्न आला असता, कोणत्या पोरानं लिहिलं? आणि मग भांडण त्या-त्या घराच्या दारात गेलं असतं. मुलांना वाचवायला त्या गप्प राहतील हे मी ओळखून होतो. त्यावरच निभावलो. निबंध मी दुसऱ्या दिवशी रद्दीत दिले.

भिंतीला चुना लागला. शनिवारचं जाणं बंद झालं. सुई-दोऱ्याच्या म्हातारीनंही पुढं दार लोटून घ्यायला सुरुवात केली. बाबाजी दुकानावर येत तेव्हा मुठी मिटलेल्या असत, पैसे देतानाही मूठ पुरती उघडत नसत. त्यांची नखं पुढं कोणी कापली, मला माहीत नाही. ते गेले तेव्हा मी मयताला गेलो होतो. हातांकडे पाहिलं नाही.

मॅडमची बदली मीच मागितली. 'प्रशासकीय कारणास्तव' असे दोन शब्द लिहिले. त्यांना बपेऱ्याकडची, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून असलेली एक शाळा मिळाली. सायकलीचं अंतर संपलं, दोन बस सुरू झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "त्या पोरीले मारू नका सर, ते हुशार आहे." तारीख लिहून पेन ठेवणाऱ्या मुलीविषयी त्यांना कोणी सांगितलं होतं, कोण जाणे. मी केंद्रप्रमुख झालो. नंतर अनेक शाळांत मूल्यशिक्षणावर भाषणं दिली. त्यांत आमच्या शनिवारच्या उपक्रमाचा उल्लेख असे, 'माझ्या शाळेत' अशी सुरुवात करून.

शोकसभेनंतर तीन आठवड्यांनी मी चिखल्याला गेलो. भाषणानंतर मॅडमच्या यजमानांनी, रामटेकेजींनी, माझे दोन्ही हात धरून "सर, लय मोठं बोलले" असं म्हटलं होतं, तेव्हापासून झोप नीट लागत नव्हती. ते आता निवृत्त आहेत. मुलगी नागपूरला असते. मला पाहून ते गडबडले, खुर्ची पुसून दिली. मी चहा नको म्हटलं आणि जे वर लिहिलं आहे ते सगळं, याच क्रमानं सांगितलं. मी थांबल्यावर ते म्हणाले, "म्हंजे तिनं नावं नाही देल्ले?"

"नाही."

"लिहून गिहून… काहीच नाही?"

"नाही, रामटेकेजी. त्या तर पुसायला घासलेट मागत होत्या."

ते अंगणाकडे वळले. मग सांगू लागले, माझ्याकडे न पाहता. बाबाजींचा मुलगा आणि ते एकाच पाळीवर होते. त्या बैठकीनंतर तो डबा खायला त्यांच्यापासून उठून दूर बसू लागला. त्याच्यामागं आणखी दोघं-तिघं. वर्षानुवर्षं ज्यांच्यासोबत खाली उतरले, ती माणसं. "मी घरी येऊन तिले म्हटलं, लोकायचे नावं कायले देल्ले तू? तर म्हणे, माह्या वर्गातून गेले. एवढंच म्हणे. मी समजलो का तिनंच देल्ले. मंग कुठंबी तिचं नाव निघालं, कोणं तारीफ केली, का मी म्हनो… हो, माहीत आहे मले हिची समाजसेवा. पोरीसमोर म्हनो. पाहुण्यायसमोर म्हनो. ते मात्र हसून घ्यायची."

म्हणजे त्यांच्या घरातही माझंच वाक्य राहायला गेलं होतं. मी ते स्वतःला वाचवायला वापरलं होतं. मॅडमनी मुलांसाठी वापरलं, आणि नवऱ्यासमोरही त्यात एक शब्द वाढवला नाही.

मी म्हटलं, हे मी लिहून छापायला देतो. नाव घालून. ते म्हणाले, "द्या. पोरगी पेपर वाचते." मग उठून आतल्या खोलीत गेले, म्हणून मीही दारापर्यंत गेलो. मॅडमची खाट खिडकीपाशी होती. उशी, वर घडी केलेलं पांघरूण. रोज सकाळी उठल्याबरोबर चादर झटकून घालायची त्यांची रीत होती, ती आता ते चालवतात, असं त्यांनी सांगितलं. वाकून चादरीचा एक कोपरा ओढला. पुन्हा ओढला. आणि तसेच वाकलेले असताना म्हणाले, "सर, तुमी मले सांगून मोकळे झाले. मी कोणाले सांगू?"

ते दुसऱ्या बाजूला गेले आणि तिकडचा कोपरा सारखा करू लागले. चादर आधीच सरळ होती.