जोडाक्षरं

‘थांब रे, अजून झालं नाही.’ मुलुंडच्या त्याच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी हे वाक्य यायचं, पाणी मागाहून. तापलेलं सोल्डरिंग आयर्न हातात, चष्मा कपाळावर. असा एखादा तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल, नीट बघा.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात ड्राफ्ट्समन. पंचाऐंशीच्या सुमारास मेहुण्याने त्याला दुबईहून एक छोटा कॉम्प्युटर आणून दिला. तो टीव्हीला जोडायचा. प्रोग्रॅम कॅसेटवर; टेपरेकॉर्डर पाच मिनिटं मांजरं भांडल्यासारखा ओरडला की प्रोग्रॅम चालू व्हायचा. शेजारी वैतागायचे. याला मात्र तो आवाज त्याच्या पेटीपेक्षा गोड वाटायचा. पेटीही वाजवायचा, शब्दकोडीही रचायचा, आणि कशातच ‘झालं’ म्हणायचा नाही.

नळाला पाणी आलं की वाजणारी घंटा त्याने केली होती. ती इतकी जोरात वाजायची की सगळा मजला उठून पाणी भरायचा आणि हा उठेपर्यंत नळ कोरडा. वहिनी हसून म्हणायच्या, ‘समाजसेवा चाललीय आमची.’

वहिनी शाळेत मराठी शिकवायच्या. याच्या वाणसामानाच्या यादीतसुद्धा लाल पेनने ऱ्हस्वदीर्घ सुधारायच्या. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. उजवा अंगठा तेवढा हलत राहिला.

मग त्याने बाकी सगळं बाजूला ठेवलं. टीव्हीवर एकेक अक्षर येणार, हवं ते आलं की वहिनींनी अंगठ्याने बटण दाबायचं, मग त्याची बाराखडी सरकणार. बटण दारावरच्या बेलचं. पडद्यावरच्या आठ बाय आठ चौकोनांच्या जाळीत तो एकेक अक्षर बसवत होता. दिवाळीच्या आधी सगळी साधी अक्षरं चालायला लागली.

‘लाव ना मग वहिनींना,’ मी म्हणालो.

‘थांब रे, जोडाक्षरं नाहीत अजून.’

‘अरे, जोडाक्षराशिवाय पाणी मागता येतं, चहा मागता येतो.’

‘मराठीची बाई आहे ती. तिच्या तोंडी मोडकं मराठी घालू? काय म्हणेल मला?’

काय म्हणतील हेच तर कोणाला कळत नव्हतं. त्या डोळ्यांनी काहीतरी सांगायच्या, हा उशी सरळ करायचा. त्या डोळे मिटून घ्यायच्या. मला राग यायचा त्याचा. पण ‘क्ष’ आठ चौकोनांत मावत नाही म्हणून रडवेला झालेला माणूस समोर असला की काय बोलणार?

जोडाक्षरं झाली तेव्हा शिमगा उलटून गेला होता. वहिनी फार खंगल्या होत्या, अंगठाही थरथरायला लागला होता. त्याने मला मुद्दाम बोलावलं. बटण त्यांच्या हाताखाली ठेवलं. अक्षरं सरकू लागली. ‘प’वर त्यांनी बटण दाबलं, मग ‘पु’वर. पुन्हा ‘क’पासून सुरुवात. बऱ्याच वेळाने ‘र’, मग ‘रे’. एवढ्याने त्यांना धाप लागली.

‘पुरे,’ त्याने वाचलं आणि माझ्याकडे वळला. ‘पास केलं रे तिने. पुरे म्हणते, आता आणखी काही जोडू नको.’ मी वहिनींकडे पाहिलं. त्यांची नजर टीव्हीकडे नव्हतीच. ती त्याच्यावर होती, आणि तीत शाबासकीतलं काही नव्हतं.

त्यानंतर अंगठा हलला नाही. आठवड्याभरात त्या गेल्या. तोवर रोज तो बटण त्यांच्या हाताखाली ठेवायचा आणि अक्षरं चालू करून समोर बसायचा.

वर्षाच्या आत खोली विकून तो गावी गेला. टेम्पो भरून झाला तेव्हा जिन्यात त्याने मला थांबवलं.

‘त्या दिवशी ती मशीनलाच म्हणाली ना रे, पुरे?’

‘हो,’ मी म्हणालो. ‘मशीनलाच.’

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘दिवाळीत लावायला हवं होतं,’ आणि जिना उतरून गेला.