दसऱ्याला पुजलेली रायफल

तिन्हीतली सगळ्यात जुनी रायफल मी उचलली, तेव्हा शस्त्रागारातले हवालदारकाका हसले. "ताई, ही तुमच्या भरतीच्या आधीची. जरा नवी घ्या की!"

पण पहिलीने खांदा सुजवला होता आणि दुसरीचा चाप इतका जड, की ओढता ओढता नेम हलायचा. या जुन्या एसएलआरचा लाकडी दस्ता मात्र गालाला असा बसायचा, की बस्स! म्हटलं, "काका, हीच. आता हिला माझ्या हाताची करून द्या."

मला पास व्हायचंच होतं. पोलिसांतल्या फायरिंगच्या चाचणीत निवड झाली तर नाशिकमध्येच प्रशिक्षक, नाहीतर लांब हरसूलकडे बदली ठरलेली. आणि घरी ह्यांचं डायलिसिस. ह्यांना धरून रिक्षात बसवायलासुद्धा माझ्याशिवाय कोणी नव्हतं. देवा, एवढं एकच दे, असं मी उठता-बसता म्हणायचे.

काकांनी जीव ओतला. गोळ्या डावीकडे जात होत्या. त्यांनी नळीवरची नेम धरायची माशी केसभर सरकवली, मी झाडल्या, त्यांनी पुन्हा सरकवली. मग गॅस. गोळी सुटताना जो गॅस होतो, त्याच्याच जोरावर पुढची गोळी आपोआप चढते. जास्त झाला तर रायफल लाथ मारते, कमी पडला तर अडकते. रिकाम्या पुंगळ्या कुठे पडतात ते बघत काकांनी तो बरोबर जमवला. शेवटी सगळी भोकं एका वाटीत मावतील इतकी जवळ आली. मी सगळ्यांना बजावून ठेवलं, आता हिला कोणी खोलायचं नाही, पुसायची ती वरवर.

मग दसरा आला. शस्त्रपूजेला मुख्यालयात घरची माणसं येतात. हेही आले, भिंत धरत धरत, नवा सदरा घालून. पांढऱ्या चादरीवर रायफली मांडल्या होत्या, रिकाम्या आहेत हे दिसावं म्हणून सगळ्यांचे खटके मागे ओढून आतली पोकळी उघडी ठेवलेली.

"तुझी कुठली गं?"

मी दाखवली. ह्यांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि हळदीकुंकू लावून मूठभर अक्षता वाहिल्या.

"अहो, बाकीच्यांना ठेवा थोड्या!" मी म्हटलं. किती दिवसांनी हसलो आम्ही.

चाचणीत पहिल्या दोन गोळ्या मधोमध लागल्या. तिसरीला चाप मेला. खटका ओढला, पुन्हा ओढला, थोबाडीत मारावी तशी रायफलीवर थाप मारली. "अगं चल ना गं बये!" वेळ संपल्याची शिट्टी वाजली तेव्हा मी तिला हलवतच होते.

काकांनी रायफल तिथेच उघडली. चापाच्या खालून कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा निघाला. त्यांनी तो गुपचूप माझ्या हातावर ठेवला.

घरी हे दारातच उभे होते. माझं तोंड बघून त्यांना कळलं.

"ऐनवेळी नेम हलला माझा," मी म्हटलं.

"म्हणजे अक्षता वायाच गेल्या म्हण की."

दाणा वर्दीच्या खिशात होता. "काहीतरीच काय!" मी म्हटलं. "त्यांच्यामुळे तर दोन लागल्या."

त्यांना बरं वाटलं. मी मोरीत गेले, नळ पूर्ण सोडला आणि तोंडात रुमाल कोंबून रडले.