जठारपेठेतला समुद्र आणि बंद कूलर

जठारपेठेत समुद्र आणायचा असं प्रमोदिनी उमाळकर बाईंनी ठरवलं, तेव्हा त्यांच्या यजमानांना, म्हणजे चिंतामणराव वकिलांना, वाटलं की ही निवृत्तीनंतरची लहर आहे. शेजारच्या केशवरावांना निवृत्तीनंतर बासरीची लहर आली होती आणि दिवाळीच्या आत ती गेलीही होती. गल्ली सुटली होती.

पण केशवरावांनी काही उभा जन्म नववीच्या वर्गाला प्रवाळद्वीप शिकवलं नव्हतं. बाईंनी शिकवलं होतं. लाल खडूनं प्रवाळ, निळ्या खडूनं पाणी, आणि मागच्या बाकावरून कोणी "बाई, तुमी पाह्यलं काय?" असं विचारलं की डस्टर आपटून पुढचा मुद्दा. समुद्र बाईंच्या वाट्याला एकदाच आला होता, गणपतीपुळ्याला, दर्शनाच्या घाईत. तिथं प्रवाळ नव्हतं, भेळ होती.

तेव्हा आता टाकी. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. ती मावावी म्हणून हॉलमधला दिवाण हलवावा लागणार होता, आणि त्या दिवाणावर चिंतामणराव रोज दुपारी एखाद्या अवघड खटल्याचा डोळे मिटून विचार करत असत.

"एवढी मोठी कशाले पाहिजे? टीपॉयवर मावेल अशी घे ना," ते म्हणाले.

"थोडं पाणी लवकर तापतं अन् लवकर बिघडतं. जास्त पाणी सांभाळून घेतं."

"अन् माझा दिवाण?"

"तो तापत नाही, बिघडतही नाही. त्याला गच्चीवर ठेवू."

वकिलांनी अपील केलं नाही. या कोर्टात अपील नसतं हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

मग पाणी. अकोल्यात नळाचं पाणी येतं ते पाहुण्यासारखं, कळवून आणि थोडा वेळ. ते साठवायचं, आरओ मशीनमधून काढायचं आणि त्यात मुंबईहून मागवलेलं समुद्री मीठ कालवायचं. मशीननं नाकारलेल्या पाण्यानं वकिलांची मोटरसायकल इतकी धुतली गेली की तिचा मूळ रंग सापडला. टाकीत सच्छिद्र दगड रचले गेले, पंप सुरू झाला, दिवे लागले. आणि मग महिनाभर काहीच झालं नाही. दगडांवर जिवाणूंची वस्ती बसल्याशिवाय मासे सोडायचे नसतात. माशांनी केलेली घाण हे जिवाणूच पचवतात. बाई रोज पाण्याची तपासणी करायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं दगड दाखवायच्या.

दारावर भाजी घेऊन येणाऱ्या गंगूबाईंनी टोपली उतरवून टाकी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"बाई, मासे दिसून नाही राहिले."

"अजून सोडले नाहीत. आधी पाणी तयार व्हावं लागतं."

"अन् मंग खासान कवा?"

"खायचे नाहीत हो, पाहायचे आहेत."

गंगूबाईंनी वकिलांकडे पाहिलं. "साहेब, तुमी काई बोलत नाई काय?"

"मी दगडाच्या बाजूनं आहे," वकील म्हणाले.

पण वकिली अंगात होती. टाकीत काय काय येणार हे कळल्यावर त्यांनी वन्यजीव कायदा काढला, रात्रभर चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि सकाळी निकाल दिला: दगडासारखे कठीण प्रवाळ घरात ठेवणं गुन्हा आहे, त्यांच्या वाटेला जायचं नाही. बाईंनी मान्य केलं. मुंबईच्या दुकानातल्या केयूरनं टाकीतच वाढवलेल्या मऊ प्रवाळांची रोपं, दोन नारिंगी जोकर मासे, एक झिंगा आणि काही गोगलगाई थर्मोकोलच्या खोक्यातून रेल्वेनं पाठवल्या. सोबत फोनवर सल्लाही पाठवला.

"मॅडम, अकोल्यात पाणी गार ठेवणाऱ्या चिलरशिवाय नका करू. पाणी तीसच्या वर राहिलं की संपलं."

"लाइट गेल्यावर चिलर इन्व्हर्टरवर चालेल?"

"नाही चालणार."

"मग मेमध्ये तो शोभेचाच. मी पाण्यावर पंखे लावते."

केयूर हसला. मुंबईत पंख्यानं फार फरक पडत नाही, म्हणाला. मासे पाण्यात सोडताना वकिलांनाही राहवलं नाही. "प्रमोदिनी, आपण इथं जन्मलो, आपल्याला सवय आहे. या बिचाऱ्यांनी काय केलं?"

बाईंचा हात क्षणभर थांबला. "माझ्या हौसेपायी यातला एकही जीव उकडून गेला, तर टाकी त्या दिवशी बंद. उरलेले केयूरला परत. त्याच्याशी बोलून ठेवलंय."

हे त्या चिडून बोलल्या नव्हत्या. वर्गात परीक्षेची तारीख सांगावी तसं सांगितलं होतं.

एप्रिल पार पडला. टाकीचं झाकण काढून चार लहान पंख्यांचा वारा पाण्यावर सोडला होता, आणि बाहेर बेचाळीस असताना टाकीतल्या तापमापकाच्या काट्यावर सव्वीस दिसे. रोज बादलीभर पाणी उडून जाई. मीठ मागेच राही, म्हणून भर नुसत्या आरओच्या पाण्याची. प्रवाळ फुलले, तळहातावर असंख्य बोटं हलावीत तसे. गंगूबाई भाजी निवडायच्या निमित्तानं तासतास बसू लागल्या.

वकिलांचा कूलर मात्र त्या वर्षी दुरुस्तीला गेला होता. तळ गंजला होता. हा कूलर म्हणजे त्यांचं धाकटं अपत्य. दर वर्षी ते स्वतः त्याचं गवत बदलत, त्याला रंग देत, बेअरिंगला तेल पाजत. मे लागता लागता तो नवा पत्रा लेवून घरी आला आणि वकिलांनी मोठ्या मनानं त्याचं तोंड स्वतःकडे न करता टाकीकडे केलं. झळ आत येऊ नये म्हणून खिडक्या लावल्या, दारांना ओले पडदे सोडले.

"घ्या लेकहो," ते माशांना म्हणाले. "आता काश्मीर."

दुसऱ्या दिवशी काटा सत्तावीस. मग अठ्ठावीस. बाईंनी आणखी एक पंखा लावला. एकोणतीस. वकिलांनी कूलरचा वेग वाढवला, पडदे पुन्हा भिजवले. साडेएकोणतीस. प्रवाळांनी बोटं आत ओढली. धाकटा जोकर मासा वरच्या कोपऱ्यात तोंड उघडझाप करत उभा राहिला. बाईंनी केयूरला फोन करून परतीच्या खोक्यांची चौकशी केली.

त्या दुपारी वकील चिवड्याची बशी घेऊन बसले आणि पहिल्याच घासाला त्यांनी तोंड वाकडं केलं.

"सादळला हा."

"काय?"

"चिवडा. चामट लागून राहिला."

बाई टाकीपासून वळल्या. "अकोल्यात? मे महिन्यात?"

"मी काय खोटी साक्ष देऊन राहिलो? खाऊन पाहा."

बाईंनी एक चिमूट खाल्ली. खरंच चामट. ज्या गावात या दिवसांत धुतलेली चादर दोरीवर टाकेपर्यंत वाळते, त्या गावात चिवडा सादळला होता. बाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. नववी, प्रकरण आर्द्रता. दोन तापमापक, एकाच्या फुग्याला ओली चिंधी. हवा जेवढी कोरडी तेवढं पाणी भराभर उडतं आणि ओला फुगा गार राहतो. हवा दमट झाली की दोन्ही काटे एकमेकांजवळ येतात. हा प्रश्न त्यांनी दर वर्षी घातला होता आणि उत्तर न आलेल्यांना बाकावर उभं केलं होतं.

"माझी टाकी म्हणजे ओला फुगा आहे हो," त्या म्हणाल्या. "अन् बंद खोलीत कूलर सोडून आपण हॉलचं दमट कोकण करून ठेवलं."

"म्हणजे?"

"कूलर बंद करा. खिडक्या उघडा."

"बाहेर पंचेचाळीस आहे!"

"तेच पाहिजे मला."

वकिलांनी कूलरकडे पाहिलं, टाकीच्या कोपऱ्यातल्या त्या माशाकडे पाहिलं, आणि उठून बटण बंद केलं. नव्या पत्र्याचा तो कूलर दोघांनी ढकलत बेडरूममध्ये नेला. खिडक्या उघडताच झळ भट्टीचं दार उघडावं तशी आत आली. काचेला झळ लागू नये म्हणून खोक्यांचं थर्मोकोल टाकीच्या तीन बाजूंना लागलं. पंखे फिरू लागले, पाणी उडू लागलं, बाई बादल्या ओतू लागल्या. संध्याकाळी काटा अठ्ठावीसवर आला. दुसऱ्या दिवशी सत्तावीसच्या खाली. धाकटा जोकर कोपरा सोडून मोठ्याच्या मागे लागला.

तरी मेअखेरीचा, सगळ्यात कडक उन्हाचा नवतपा बाकी होता. ते नऊ दिवस निघाले तर वर्ष निघालं. नेमका त्यात बाईंचा धाकटा भाऊ श्याम अमरावतीहून आला. बडनेरा स्टेशनला गाडीत बसला तेव्हा माणूस होता, उतरला तेव्हा वाळवण झालं होतं. हॉलमध्ये भाऊजी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन उघड्या खिडकीपाशी बसलेले.

"भाऊजी, कूलर कुठं आहे?"

"बेडरूममध्ये. जा, पड तिकडं."

"अन् तुमी?"

"मी इथंच. लाइट गेली तर पंखे इन्व्हर्टरवर आले की नाही, हे पाहायला कोणी पाहिजे ना."

श्याम खिडकी लावायला गेला.

"हात नको लावू. झळ येऊ दे."

श्यामनं बहिणीला बाजूला घेतलं. "ताई, याइले ऊन लागलं काय?"

"लागू दे," बाई बादली उचलत म्हणाल्या. "टाकीला नको लागायला."

नवतपा संपला त्या दिवशी बाईंनी जिवांची हजेरी घेतली. जोकर दोन, झिंगा एक, गोगलगाई सगळ्या. प्रवाळ पूर्ण फुललेले. मग केयूरला फोन लावला.

"खोकी परत पाठवायची नाहीत. नवीन पाठवा. तो पिवळा, चपटा मासा म्हणत होता ना, तो एक."

"दोन सांग," वकील टॉवेल पिळत म्हणाले. "एकट्याला करमणार नाही."

"त्या जातीचे दोन एकत्र ठेवले की भांडतात."

"मग तर सांगच. घरात मलाही काही काम मिळेल."