पडद्याच्या मागच्या बाजूला

आठ वर्षांची कुमुद दिल्ली छावणीत राहायची. तिचे वडील, हवालदार मल्हारी जगताप, पासष्टच्या लढाईवरून नुकतेच परतले होते. शाळेत थोडंफार इंग्रजी होतं, तेवढ्या भांडवलावर कुमुद आईला डब्या-बाटल्यांवरची लेबलं वाचून दाखवायची. अडलं की मनचं घालायची. त्यापायी आईने, म्हणजे हौसाबाईने, एकदा गुडघ्याचं मलम केसांना चोपडलं होतं.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी पलटणीच्या मैदानावर विलायती सिनेमा लागला. दोन बांबूंना पांढरा पडदा बांधलेला. समोर जवान बसले, बायका-मुलांना पडद्यामागची जागा. तिथूनही चित्र दिसायचं, फक्त उलटं. डाव्या हाताने सलाम ठोकणारे सैनिक आणि आरशातल्यासारखी अक्षरं.

सिनेमा लढाईची टिंगल करणारा होता. त्यातला ढेरपोट्या जनरल उंच दिसावा म्हणून दोन शिपाई त्याच्या मागे स्टूल घेऊन धावायचे.

"काय म्हणतोय गं?" सखुबाईंनी विचारलं. त्या शेजारच्या क्वार्टरमधल्या. त्यांचा नवरा पायाला गोळी लागून अजून इस्पितळात होता.

लढाईतल्या वाळूच्या पोत्यांचा एक ढीग तिथे पडून होता. कुमुद त्यावर चढली. "म्हणतोय, आज आमटीत मीठ नाही. शेजाऱ्यांनी पळवलं. चलो, लढाई करू."

बायका खुदकन हसल्या. मग कुमुद थांबेचना. जनरल परेड बघायला निघाला, तेव्हा तिने घरी ऐकलेलं वाक्य त्याच्या शिपायाच्या तोंडी घातलं. "साहेबांचं पोट आधी पोचतं, साहेब मागून येतात."

थोड्या वेळाने पडद्यावर एक कोवळा शिपाई धावता धावता कोसळला. पुढच्या बाजूला सगळे जवान गप्प झाले. मागे सखुबाईंनी कुमुदचा पाय धरला. "गेला का गं?"

कुमुदने त्यांच्याकडे पाहिलं. "छे, झोपला. जनरलने सुट्टी दिली." आणि ती मोठ्याने घोरू लागली. हौसाबाई आधी हसली, मग सखुबाई, मग सगळा घोळका.

अशा प्रसंगी हसतंय कोण, हे बघायला मेजर दीनानाथ प्रधान स्वतः पडद्यामागे आले. पाठोपाठ मल्हारी. पोत्यांवर आपलीच लेक पाहून त्याने तिला खाली उतरायची खूण केली, पण तिचं लक्ष पडद्याकडे होतं. त्यात पडद्यावर पुन्हा जनरल आला आणि कुमुदने पोटाचं वाक्य पुन्हा म्हटलं.

मेजरसाहेबांनी आपल्या पोटाकडे पाहिलं, मग मल्हारीकडे. मल्हारी आभाळाकडे बघत होता.

"जनरलविषयी असं म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

"हो. रोज," कुमुद मागे न बघता म्हणाली.

"तुला इंग्रजी येतं?"

"बिल्कुल येतं."

तेवढ्यात जनरल 'रिट्रीट' म्हणून ओरडला आणि सगळी फौज उलट्या दिशेने पळत सुटली.

"मग रिट्रीट म्हणजे काय?"

"जेवायला चला."

साहेबांना हसू आवरेना. रुमालात तोंड खुपसून ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. सखुबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या, तेही त्यांनी पाहिलं. "चालू दे," एवढंच मल्हारीला सांगून ते परत गेले.

घरी जाताना सखुबाईंनी कुमुदचा हात धरला. "तो पोरगा मेलाच होता ना?"

कुमुद खाली बघत म्हणाली, "हो."

"मला कळलं होतं गं. पण तू घोरलीस छान."

पुढच्या महिन्यात सिनेमा लागला, तेव्हा पडद्यामागे एक रिकामी खुर्ची होती. साहेबांनी कुमुदसाठी ठेवायला सांगितली होती. मल्हारीने मात्र घरात साहेबांविषयी बोलणं सोडलं. काही सांगायचं झालं, तर तो हौसाबाईला मागच्या अंगणात घेऊन जायचा. अशा वेळी कुमुद न्हाणीघरात जायची, कारण न्हाणीघराची खिडकी अंगणात उघडायची.